दोन जावा आणि एक शेजारीण

सत्यभामाबाई फुंडे यांच्याकडे भंगार विकायला गेलं की आधी जबाब द्यावा लागतो. पंखा असो, मिक्सर असो की सायकल, तुम्ही वस्तू काट्यावर ठेवायच्या आत त्या विचारतात, "कशानं मेला?"

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात सरेख्याच्या रेल्वे फाटकापलीकडे टिनाचं कुंपण घातलेलं त्यांचं आवार आहे. मी मागच्याच गल्लीत राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. एकदा मी बिघडलेली इस्त्री घेऊन गेलो. प्रश्न आला. मी म्हणालो, "मला काय माहीत? तापत नाही एवढं खरं."

"पडली होती? का पानी गेलं? का चालता चालता बंद झाली?"

"बाई, मी इस्त्री विकायला आलोय."

"मंग घरी फोन लावून पुसा."

मी फोन लावला. बायकोनं सांगितलं, पडली होती. कोणाच्या हातून पडली तेही सांगितलं, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे आवारातल्या तिन्ही गिऱ्हाइकांना ते कळलं. सत्यभामाबाईंनी इस्त्रीवर खडूनं 'मास्तरनं पाडली' असं लिहिलं आणि मगच ती काट्यावर ठेवली.

यात वेडेपणा नव्हता, निदान सुरुवातीला तरी. जळून मेलेल्या मोटरीतली तांब्याची तार काळी पडलेली असते, ती वेगळ्या ढिगात टाकावी लागते. पाण्यानं किंवा पडून मेलेल्याची तार चांगली निघते. म्हणून विचारायचं. पण धंद्याची गरज हळूहळू मागं राहिली आणि सवय तेवढी पुढं आली. प्लास्टिकची बादली आणली तरी त्या विचारायच्या. आवारभर मेलेल्या वस्तू पडलेल्या, आणि प्रत्येकीवर खडूनं कारण: 'पानी', 'उंदीर', 'वीज पडली', 'नवऱ्यानं आपटला'. त्यांची सून मंजू एकदा वैतागून म्हणाली होती, "आई, आपन भंगार घेतो का पोस्टमार्टम करतो?"

"काहून मेलं ते माहीत नसन तं ठेवाचं कुठं?" एवढंच उत्तर मिळालं.

सत्यभामाबाईंचे यजमान प्रेमलाल मूळ खैरलांजीकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. त्यांना चिखलात उभं राहणं आवडायचं नाही. ते सायकल घेऊन बालाघाटला आले आणि गल्लोगल्ली भंगार गोळा करू लागले. गावी भावकीत विचारलं तर "लोखंडाचा व्यापार" असं सांगायचे. ते वजन करायचे, सत्यभामाबाई वेगळं काढायच्या. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. मुलगा बैहरच्या रस्त्यावर जीप चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. आवार सासू-सुनाच बघतात.

पंचवीस वर्षांपूर्वी प्रेमलाल कुठल्याशा कचेरीतून पहिल्यांदा मेलेले कॉम्प्युटर घेऊन आले, तेव्हा या कथेतली खरी मंडळी सत्यभामाबाईंच्या आयुष्यात आली. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो. भिंतीतली वीज तो आत घेतो आणि बारीक करून सगळ्या भागांना वाटतो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात, सत्यभामाबाई नुसतं 'डब्बा' म्हणतात. त्या डब्यातून रंगीत तारांचा झुबका बाहेर येतो आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक प्लास्टिकचं तोंड असतं, कनेक्टर. कुठलं कुठं लागतं हे सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी त्यांची नावं ठेवून टाकली. चार भोकांची ती चारडोळी. चपटी, पातळ, नव्या डब्यांना येते ती चपटी. तिच्याहून बारकं ते पिल्लू. वीस-चोवीस भोकांची, सगळ्यात जाड तारांची, ती पाटलीन. आणि जुन्यातल्या जुन्या डब्यांना पाटलीन नसायचीच. तिच्या जागी सहा सहा भोकांची दोन तोंडं असायची, एकाच रांगेतली, अगदी सारखी. मदरबोर्डवर ती एकमेकींना चिकटून बसायची. त्यांचं नाव ठेवलं जावा-जावा.

मंजूला हे नाव आवडलेलं नाही. तिचं म्हणणं, खैरलांजीच्या चुलतजावेशी तिचं पटत नाही हे ठाऊक असूनच ते ठेवलंय. पण मंजूचं लग्न होऊन यायच्या किती तरी आधीचं ते नाव आहे.

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. जानेवारी महिना होता, धान विकायचे दिवस. वारासिवनी रोडवर एक राइस मिल आहे, तिथं मी माझ्या वाट्याच्या शेतातलं धान ट्रॅक्टरनं नेलं होतं. माझ्या पुढं अठरा ट्रॅक्टर उभे होते. मिलच्या दारात धरमकाटा आहे, म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा. ट्रॅक्टर भरलेला चढतो, रिकामा उतरताना पुन्हा चढतो, आणि शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर वजन दाखवतो. चौथा ट्रॅक्टर चढला आणि खोलीतून 'फट्' असा आवाज आला. मग वास आला. मग धर्मेंद्र बाहेर आला.

धर्मेंद्र म्हणजे मिलचा काटेवाला. पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेला. तो सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "गेला."

"कोन?"

"कॉम्प्युटर."

काट्याची देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनीयर सुदैवानं त्या दिवशी लांजीला आला होता. दोन तासांत पोचला. त्याचं नाव रजत, मूळ गोंदियाचा, बोलताना अर्धी हिंदी. त्यानं वास घेऊनच सांगितलं की एसएमपीएस गेलाय, आणि बॅगेतून कोरा करकरीत नवा काढला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानं कॉम्प्युटरची पेटी उघडली, मेलेला डबा सोडवून काढला आणि आत डोकं घालून पाहत राहिला.

"काय झालं?" धर्मेंद्रनं विचारलं.

"ये कौनसा जमाना है?" रजत म्हणाला.

कॉम्प्युटर काट्याबरोबरच बसवलेला, जवळपास तीस वर्षांचा. काट्याच्या पायांतून येणाऱ्या तारा ज्या लांबलचक कार्डात जात होत्या, ते कार्ड फक्त तसल्या जुन्या मदरबोर्डवरच बसायचं. त्यामुळे इतकी वर्षं तोच चालवला होता. रजतच्या नव्या डब्याला पाटलीन होती. मदरबोर्डवर मात्र एका रांगेत उघडे बारा दात. रजतनं पाटलीन एकदा आडवी धरून पाहिली, एकदा उभी. मग त्यानं फोटो काढून कंपनीच्या मोठ्या साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर आलं की हा माल बंद होऊन जमाना झाला, नवा काटा मागवा, तीन आठवडे लागतील.

रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं. कोणी ओरडलं नाही, पण दोघं-तिघं ट्रॅक्टरवरून खाली उतरले, आणि धर्मेंद्र खोलीत जाऊन आतून कडी लावावी की काय अशा बेतात दिसला.

"सत्यभामाबाईंकडे असेल," मी म्हणालो.

"भंगारवाली?" रजतनं विचारलं.

"आमच्या गावात संग्रहालय नाही," मी म्हणालो. "तेच आहे."

धर्मेंद्रच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं सरेख्याला गेलो. सत्यभामाबाई बाजेवर बसून कुलरच्या मोटरी सोडवत होत्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद बाई. कमरेला ओचा खोचलेला आणि त्या ओच्यात नेहमी एक हातोडी. रजतनं त्यांना मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो हातभर दूर धरून पाहिला.

"जावा-जावा पाह्यजे तुले," त्या म्हणाल्या.

"क्या?"

"बस. दाखवतो."

त्यांनी घरातून एक पोतं आणून बाजेवर उपडं केलं. कापलेली शेकडो तोंडं. पुढची पंधरा मिनिटं रजतची तोंडी परीक्षा झाली. त्या एकेक उचलायच्या, तो इंग्रजी नाव सांगायचा, त्या आपलं नाव सांगायच्या. चारडोळीवर दोघांचं जमलं. आठ भोकांची दोन सारखी दिसणारी तोंडं आली तेव्हा रजत म्हणाला, दोन्ही एकच.

"एक कशी? ही मधून तुटली तं चार-चार होते. अन् हिची सहा अन् दोन." त्यांनी करंगळीनं दोन्ही फोडून दाखवली. "अन् हिच्या खटक्याकडून पिवळ्या तारा हायेत. हिच्या खटक्याकडून काळ्या. एक कशी?"

रजतनं दोन्ही हातात घेऊन पाहिली. "एक प्रोसेसरची आहे, एक ग्राफिक कार्डची," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. मी घाईत बोललो."

"घाई काहून करतं?"

मग ढिगातून त्यानं स्वतःच सहा भोकांची दोन तोंडं शोधून काढली, तारा लोंबत असलेली, आणि आनंदानं म्हणाला, "मिळाल्या. याच त्या दोघी."

सत्यभामाबाईंनी त्याच्या हातावर हलकेच चापट मारली. "ही एक जाऊ हाये. ही दुसरी जाऊ नाही. ही शेजारीन हाये."

"पण दिसायला सारखीच आहे."

"तोंड तसंच हाये. तारा पाह्य. जावांच्या अंगात दोन-दोन काळ्या. हिच्या तीन काळ्या, दोन नारंगी, एक लाल. ही मंग आलेल्या नव्या डब्यांना येते, पाटलीनच्या जोडीले. हिले जावेच्या जागी बसवलं तं घर जाते."

मी भूगोलाचा माणूस. मला त्यातलं काही कळलं नाही, पण रजतचा चेहरा पाहून एवढं कळलं की शेजारीण बसवली असती तर आम्ही तीन आठवडे नाही, सहा महिने थांबलो असतो.

आता प्रश्न अख्ख्या डब्याचा. जुन्या जावावाले आठ डबे आवाराच्या कोपऱ्यात रचलेले होते, कारण लोखंडाला गिऱ्हाईक बरं मिळेपर्यंत ते तिथंच राहणार होते. रजत म्हणाला, एकेक घेऊन जाऊन लावून पाहू.

"कशाले? लिहिलं हाये न." त्या डब्यांजवळ गेल्या आणि एकेकावरची धूळ पदरानं पुसत वाचू लागल्या. "हा पान्यानं गेला. हा उंदरानं. हा अन् हा वीज पडून, एकाच दिवशी, एकाच घरचे. हा..." त्या थांबल्या आणि सगळ्यात खालचा डबा ओढून काढला. "हा कशानंच नाही मेला."

खडूची अक्षरं पुसट होती. मी वाचली: 'लग्न झालं'.

"म्हंजे?" धर्मेंद्रनं विचारलं.

"एका पोराचं लग्न झालं. सासऱ्यानं नवा कॉम्प्युटर देला. जुना चांगला होता, पन नव्या बायकोसमोर जुना कसा ठेवाचा?" त्यांनी डबा नाकाजवळ नेऊन पंख्याच्या जाळीतून वास घेतला, मग रजतच्या नाकाला लावला. "जळक्या वासाचा पत्ता हाये?"

रजतनं वास घेतला. नाही म्हणाला. "पण मावशी, याचं बटण?"

डब्यातून एक जाड काळी नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला चार तारा कापलेल्या होत्या. जुन्या डब्यांना चालू-बंदचं बटण याच नळीवर असायचं. सत्यभामाबाई पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. "त्याच्यात पितळ असते," त्या म्हणाल्या. "ते मी इकलं."

रजत म्हणाला, जुन्या डब्याचं बटण पेटीत आहे, रंगाला रंग जोडू. डबा द्या, आम्ही जातो.

"डब्बा एकटा नाही जात," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. "तुमचा कशानं मेला ते पाह्यल्याबिगर हा लावला, तं हाही मरन."

माझी जागा त्यांनी घेतली. मी मागून ऑटोनं गेलो.

मी पोचलो तेव्हा मेलेला डबा धरमकाट्याच्या खोलीत टेबलावर उघडा पडला होता आणि त्यात एक पाल होती. मागचे दोन्ही पाय एका तारेवर, तोंड दुसऱ्या तारेवर, पूर्ण भाजलेली. सत्यभामाबाई त्या पालीकडे बराच वेळ पाहत होत्या.

"पाल अंदर काहून गेली?" त्यांनी विचारलं.

"पालीले काय, कुठंही जाते," धर्मेंद्र म्हणाला.

"मुंग्यांसाठी गेली. हे पाह्य, डब्बाभर मुंग्या मेल्या. अन् मुंग्या काहून आल्या?"

धर्मेंद्र पेटीपासून एक पाऊल मागं सरला. सत्यभामाबाईंनी पेटीच्या वरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, ते चिकट लागलं, आणि त्यांनी ते त्याच्यासमोर धरलं. तेव्हा तो म्हणाला, "पेटी गरम असते न. थंडीत मी डब्बा वर ठेवतो. जेवणाचा."

"त्याच्यात काय असते?"

"गुळाची पोळी," धर्मेंद्र म्हणाला. पंधरा वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला इतक्या खालच्या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं. दारात उभे असलेले ट्रॅक्टरवाले त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होते, ती फार दिवस त्याच्या लक्षात राहिली असणार. पुढं त्यानं उन्हाळ्यातसुद्धा डबा झाडाला टांगायला सुरुवात केली.

पेटी झाडून-पुसून स्वच्छ झाली. रजतनं चारही तारा रंगाला रंग जोडून टेप लावली. मग त्यानं दोन्ही जावा हातात घेतल्या आणि पुन्हा थांबला. बारा दात एका ओळीत. कुठली जाऊ डावीकडं, कुठली उजवीकडं? दोघी दोन्हीकडे आरामात बसत होत्या. कनेक्टरवर काही लिहिलेलं असेल तर ते पुसलं गेलं होतं. आणि जुना डबा काढताना कुठली कुठं होती, हे घाईत कोणी पाहिलं नव्हतं.

"मधात काळ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "काळ्याले काळी भिडवाची."

रजतनं खात्रीसाठी मोठ्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. साहेब खुर्चीवर रेलून बसलेले, मागं कंपनीचं कॅलेंडर. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "काली बाहर. लाल अंदर. मैंने ऐसे सैकड़ों लगाए हैं."

"साहेब, इथं एक बाई म्हणताहेत की..."

"कौन बाई?"

रजतनं कौन बाई ते सांगितलं नाही. पण काळी आत की बाहेर, हा वाद सगळ्या खोलीनं ऐकला होता. दारातल्या गर्दीत चर्चा सुरू झाली. बहुतेकांचं मत साहेबांच्या बाजूनं पडलं. एक तर ते कंपनीचे होते, दुसरं म्हणजे ते फोनवर होते. एकानं हात वर करायला सांगितलं. रजत त्रासून म्हणाला, "भाऊ, हे वोटिंगवर नाही चालत. उलटं लागलं तर बोर्ड जळतो, आणि बोर्ड एकच आहे."

सत्यभामाबाई भांडल्या नाहीत. त्या रजतला म्हणाल्या, "साहेब म्हनते तसं लावाचं असन तं लाव. पन आंधी माहा डब्बा वापस दे." मग जरा थांबून त्यांनी धर्मेंद्रकडून फोन घेतला आणि घरी लावला. "मंजू, पडवीच्या टिनावर तीन काळ्या पाट्या हायेत. घेऊन मिलवर ये."

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "आई, मी वड्या वाळत घातल्या त्या प्लास्टिकच्या पन्नीवर ठेवल्या हायेत त्या. उचलल्या तं पन्नी उडन. अन् माकडं बसूनच राह्यले."

"माकडं काय रोज येत नाही?"

"वड्या काय रोज घालतो?"

तरी मंजू आली. स्कूटीच्या पुढच्या जागेत तीन जुने मदरबोर्ड, त्यांना उडदाच्या पिठाचे डाग. तिनं ते टेबलावर आपटले, सासूकडं पाहिलं, आणि "लवकर करा" एवढंच म्हणाली.

तिन्ही बोर्ड एका कडेला कोळशासारखे झाले होते. आणि त्या कडेला, वितळून दातांना चिकटलेल्या, दोन-दोन जावा अजून बसलेल्या होत्या. तारा बोटभर ठेवून कापलेल्या. सत्यभामाबाईंनी बोट ठेवलं. "पाह्य. काळ्या कुठं हायेत?"

काळ्या बाहेरच्या टोकांना होत्या. तिन्ही बोर्डांत.

"पहिल्या खेपेत बारा कॉम्प्युटर आले होते," त्या म्हणाल्या. "तीन असे जळलेले. मी आमच्या ह्यांना म्हनलं, चांगल्या नऊमधे काळ्याले काळी भिडून हाये, अन् जळलेल्या तीनमधे नाही. ते म्हने, असंच झालं असन. मंग मी दहा वर्षं पाहत राह्यलो. एक नाही सापडला याच्याहून येगळा. हे निघत नव्हते म्हून ठेवले, मंग पन्नीले कामात आले."

रजतनं फोन फिरवला आणि तिन्ही बोर्ड साहेबांना दाखवले. एकेक, सावकाश, जवळून. साहेब पुढं झुकले. त्यांचा चेहरा पडद्यावर मोठा झाला, चष्मा खाली आला. मग ते म्हणाले, "आवाज कट रहा है," आणि फोन बंद झाला.

आमच्या बाजूनं आवाज अगदी स्वच्छ येत होता.

रजतनं दोन्ही जावा शेजारी शेजारी बसवल्या, मधोमध चार काळ्या तारा. त्यानं बटणावर अंगठा ठेवला. खोलीतले लोक आपोआप दारापर्यंत मागं सरले, मीही सरलो. धर्मेंद्र टेबलाखाली सरकवलेल्या मेलेल्या डब्यातल्या पालीकडं पाहत होता. रजतनं बटण दाबलं. पंखा घरघरला, एक 'पीं' झालं, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं येऊ लागली. कोणीतरी "चालू झाला" असं म्हणालं, आणि ती बातमी रांगेतून मागं मागं गेली.

पण आकडा आला तो सत्तर.

काटा रिकामा होता. वर ट्रॅक्टर नव्हता. आकडा शून्य यायला हवा होता. रजतनं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा सत्तर. "डब्यात गडबड आहे," धर्मेंद्र म्हणाला. "जुन्या डब्यात असं असतेच." गर्दीतला एकजण म्हणाला, साहेबांचंच ऐकायला पाहिजे होतं. रजतच्या कपाळाला जानेवारीत घाम आला. मी सत्यभामाबाईंना शोधलं. त्या खोलीत नव्हत्या.

मंजूनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुमी तिथं काय करून राह्यल्या?"

धरमकाट्याच्या मधोमध, खोलीकडं पाठ करून, दोन्ही कानांवर हात ठेवून सत्यभामाबाई उभ्या होत्या. मंजूनं तीनदा हाक मारली तेव्हा त्यांनी हात काढले.

"फुटला का?" त्यांनी विचारलं.

"नाही फुटला. खाली उतरा. तुमचं वजन येऊन राह्यलं."

त्या उतरल्या. आकडा शून्य झाला. रजतनं खुर्चीत अंग टाकून दिलं.

"पन मावशी, तुमाले तं खातरी होती न?" धर्मेंद्रनं विचारलं.

"खातरी होती," त्या म्हणाल्या. "पन जिवंत डब्ब्यावर कधी पाह्यलं नव्हतं न. मेलेल्यांवरूनच पाह्यलं." मग त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. "किती आलं होतं?"

रजत बॅग आवरू लागला, धर्मेंद्र टेबल पुसू लागला. शेवटी माझ्या पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगून टाकलं.

"त्याच्यात हातोडी हाये," त्या म्हणाल्या आणि ओच्यातून हातोडी काढून सगळ्यांना दाखवली. "अन् दोन पाने. अन् काटा दहा-दहानंच वाढते, हौ न धर्मेंद्र?"

"हौ," धर्मेंद्र म्हणाला. त्या दिवशी तो त्यांच्या कुठल्याच प्रश्नाला नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हता.

सूर्य मावळायच्या आत माझ्या धानाचं वजन झालं. मंजू तोवर निघून गेली होती. वड्यांचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं: माकडांनी निम्म्या खाल्ल्या. मिलच्या सेठनं नवा डबा देऊ केला तो सत्यभामाबाईंनी घेतला नाही, चालू माल ठेवायला आवारात जागा नाही म्हणाल्या. मग त्यानं उडदाची डाळ पाठवली. ती मंजूनं घेतली, आणि वड्या घालायला आता सासूला बसवलं.

तो काटा पुढं चार महिने त्या लग्नातल्या डब्यावर चालला. मग नवा आला. रजत अजून याच भागात फिरतो. कुठं जुनं यंत्र उघडलं आणि ओळखीचं नसलेलं तोंड दिसलं की तो आधी साहेबांना नाही, सरेख्याला व्हिडिओ कॉल करतो. फोन मंजू धरते. सासू सांगते, मंजू हिंदीत समजावते, आणि मधूनच स्वतःची भर घालते, कारण इतकी वर्षं ऐकून तिला सगळं पाठ झालंय, पण ते कबूल करायची तिची तयारी नाही.

परवा मी गेलो तेव्हा असाच फोन चालू होता. रजतनं कुठल्याशा मोठ्या, महागड्या नव्या कॉम्प्युटरचं तोंड दाखवलं होतं. इवलीशी बारा भोकं, आणि वर आणखी चार त्याहून बारीक. सत्यभामाबाईंनी फोन हातभर दूर धरला, मग जवळ आणला, मग मंजूकडं पाहिलं. मंजूनं मान हलवली.

"हे नाही माहीत बापा," त्या रजतला म्हणाल्या. "हे जळलेलं माह्याकडे अजून आलं नाही. आलं की सांगीन."

रजतनं तिकडून विचारलं, तोवर काय करू?

"तोवर घट्ट लाव. ढिलं राह्यलं तं कोनतंही जळते," मंजू म्हणाली, आणि फोन ठेवून कुलरची मोटर सोडवायला बसली.